औरंगाबादला विचारून सांगतो

परभणीत स्टेशन रोडला गोदामाय बियाणे संघाचं जिल्हा कार्यालय होतं. तिथं कॉम्प्युटर आला तेव्हा आधी त्याला हार घातला, मग नारळ फोडला आणि मग दिनकररावांनी त्याच्यापासून चार हात लांब आपली खुर्ची सरकवून घेतली. दिनकरराव आस्थापनेचे मुख्य कारकून. नेमणूक, रजा, बढती, कुणाला कायम करायचं आणि कुणाला घरी बसवायचं, सगळे कागद त्यांच्याच हाताखालून जायचे. साहेब येत-जात, दिनकरराव तिथंच असत.

ते मशीन मोठं विद्वान दिसायचं, पण त्याची खरी गोष्ट अगदी साधी होती. परभणीच्या मशीनमध्ये सगळ्या नोकरमाणसांची नावं होती. कोण, कुठल्या खात्यातला, कुणाला काय बघायची मुभा. पण समोर बसलेला माणूस खरोखर तोच आहे का, हे ओळखायची अक्कल त्याला नव्हती. ती अक्कल औरंगाबादच्या मुख्य कचेरीतल्या दुसऱ्या मशीनकडे होती. प्रत्येकाचा पासवर्ड तिकडे. सकाळी तुम्ही परभणीत नाव आणि पासवर्ड टाकला, की हे मशीन तारेवरून तिकडे विचारायचं, अमुक माणूस दारात उभा आहे, असा असा शब्द सांगतोय, आत घेऊ का? तिकडून होय आलं तर दार उघडायचं, नाही आलं तर बसा बाहेर. ऑफिसात त्याची एक म्हणच पडली होती. कुणाला उसने पैसे मागितले किंवा मुलीच्या स्थळाचं विचारलं, तरी समोरचा म्हणायचा, "थांबा, औरंगाबादला विचारून सांगतो."

औरंगाबादला काही जणांची नावं वेगळ्या पद्धतीनं नोंदवलेली होती. म्हणून परभणीच्या यादीत प्रत्येक नावापुढे एक खूण असायची, हा माणूस आला तर तिकडे कुणाच्या नावानं विचारायचं. बहुतेकांच्या पुढे त्यांचंच नाव होतं. ही खूण बदलायची मुभा फक्त आस्थापनेला, म्हणजे दिनकररावांना होती. आणि अकराच्या आत ज्याला दार उघडलं, तोच त्या दिवशी हजर, असा साहेबांचा नियम होता.

आता आमच्या लोकांची गंमत बघा. मशीनला हात लावायची सगळ्यांना भीती. बटण चुकलं आणि नोकरी गेली तर? त्यामुळे सकाळी आल्या आल्या जो तो ऑपरेटरच्या खुर्चीमागं उभा राहून आपला पासवर्ड मोठ्यानं सांगायचा, आणि ऑपरेटर एकेकाचं दार उघडून द्यायची. कुणाचा शब्द बैलाचं नाव, कुणाचा कुलदैवत. पासवर्ड इतका गुप्त होता की चहावाल्यालाही पाठ होता.

ही ऑपरेटर म्हणजे यशोधरा खिल्लारे. बाप मुंजाजी धान्याच्या मोंढ्यात हमाली करायचा. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत गावातलं घर जळालं, तेव्हा बायको आणि लेकरू घेऊन अंगावरच्या कपड्यानिशी तो परभणीत आला. त्या गावाचं नाव तो पुन्हा कधी तोंडातून काढत नसे. पोरीला त्यानं पोतीच वाहून शिकवलं. ती बीएस्सी झाली, औरंगाबादला कॉम्प्युटरचा कोर्स केला, परीक्षेत पहिली आली आणि इथं लागली. वर्षभर कच्ची नोकरी. वर्षाची हजेरी नीट भरली तर जानेवारीअखेर कायम. मुंजाजीची कंबर गेली होती. पोरगी कायम झाली की पाठीवरचं पोतं खाली ठेवायचं, एवढा एकच बेत त्या घरानं आखला होता.

मुलाखतीत दिनकररावांनी तिला बियाण्याचं काही विचारलं नव्हतं. विचारलं होतं, "इद्यापीठाचं नाव बदलावं का वो मॅडम?"

"बदलावं," ती म्हणाली.

दिनकररावांनी मान डोलावली आणि पान लावायला घेतलं. तिची निवड वरून झाली होती, तिथं त्यांचा इलाज नव्हता. पण इलाज नसला म्हणून दिनकरराव काही गप्प बसणाऱ्यांतले नव्हते.

त्यांनी आपल्या बहिणीचा मुलगा रंगनाथ मदतनीस म्हणून रोजावर आणून बसवला. त्याला एकच काम नेमून दिलेलं. यशोधरा खुर्चीवरून उठली, की ओल्या फडक्यानं बटणं पुसायची. "धूळ बसती," दिनकरराव म्हणायचे. धूळ फक्त ती उठल्यावरच बसायची. स्वतः दिनकरराव तर त्या बटणांना बोटही लावत नसत, पुसल्यावरसुद्धा नाही. त्यांचं सगळं रंगनाथ करायचा आणि ते लांबून बघायचे. ह्या सोवळ्याचा त्यांना अभिमान होता, चारचौघांत ते बोलूनही दाखवत. रोजच्या पुसण्यानं आत पाणी गेलं आणि 'एल'चं बटण अडकायला लागलं. जोर लावून दाबल्याशिवाय ते लागेना. तेव्हा बटण बिघडवल्याचा ठपका यशोधरावर आला, लेखी.

त्या ऑफिसात तिच्याशी माणसासारखं बोलणारा माणूस एकच, बियाणे विभागाचे माणिकराव. त्यांची किडनी खराब झाली होती. बोटं सुजायची. एकटे तेच आपला पासवर्ड स्वतः टाकायचे, पण पुढं ते जमेना. एके सकाळी ते तिच्या खुर्चीमागं येऊन म्हणाले, "पोरी, आता तूच टाक. ताडकळस. मपली सासुरवाडी हाय. मेलो तरी विसरायचो न्हाई."

अख्खं ऑफिस हसलं. दिनकररावही हसले. माणिकराव स्वतःही हसले, आणि पोळ्याच्या आसपास वारले.

त्यांच्या मागं कस्तुराबाई आणि दोन मुली राहिल्या. बाई शिलाई मशीनवर घर चालवायला लागल्या. कस्तुराबाई दिनकररावांच्या भावकीतल्या. मॅट्रिक झालेल्या, नवऱ्याच्या जागी नोकरी मागायचा त्यांना हक्क होता. पण कॉम्प्युटर आल्यामुळे माणिकरावांची जागा त्यांच्यामागं रद्द झाली होती. मोकळी होऊ शकेल अशी खुर्ची ऑफिसात एकच होती, आणि तिच्यावर खिल्लारेची पोरगी बसलेली. दिनकररावांना यात दुहेरी पुण्य दिसलं. भावकीतल्या विधवेला आधार द्यायचा आणि ऑफिसही स्वच्छ करायचं. वाईट करायचं म्हणून वाईट करणारी माणसं थोडी. बहुतेक जण चांगलं करायला निघालेले असतात आणि वाटेत कुणाला तरी तुडवतात.

माणिकराव वारले हे औरंगाबादला कळवून त्यांचं नाव तिथून काढायचं, हे काम दिनकररावांचं होतं. तो कागद त्यांनी ठेवून दिला. मग दिवाळीच्या सुट्टीत, ऑफिसात कुणी नसताना, त्यांनी रंगनाथला मशीनपुढं बसवलं आणि यशोधराच्या नावापुढची खूण बदलायला लावली. आता ती आली की परभणीचं मशीन औरंगाबादला तिच्या नावानं विचारणार नव्हतं. माणिकरावांच्या नावानं विचारणार होतं. भलतंच काहीतरी नाव टाकलं असतं तर असा माणूसच नाही म्हणून तिकडे बोंब झाली असती. मेलेल्या माणसाचं नाव तिकडे अजून जिवंत होतं. तिथून गुपचूप एवढंच उत्तर यायचं, शब्द चुकला.

सुट्टीनंतर यशोधरानं आपलं नाव टाकलं, आपला शब्द टाकला. शब्द चुकला. पुन्हा टाकला. चुकला. मागं रांग लागलेली. "वो मॅडम, आमचं तर उघडा," म्हणून लोक कटकट करायला लागले. तिनं सगळ्यांचे शब्द टाकले आणि सगळ्यांना दारं उघडली. अकरा वाजून गेले. सगळ्यांना आत घेणारी ती एकटी बाहेर राहिली आणि त्या दिवशी गैरहजर लागली.

"सोताचा शब्द इसरल्या म्हणं मॅडम," दिनकरराव चहा पिता पिता म्हणाले. "लय शिकलं की असं होतंय."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिनं औरंगाबादच्या मशीनवाल्याला फोन लावला. तो बिचारा सरळ माणूस होता.

"तुमच्या नावाची विचारणाच येत नाही इकडे," तो म्हणाला. "पण तुमच्याकडून ते माणिकराव रोज चुकीचा शब्द टाकतायत. त्यांना सांगा जरा."

"माणिकराव वारले," यशोधरा म्हणाली.

त्यानं तिकडे कागद चाळले. मग म्हणाला, "मग तुमच्या यादीत खूण चुकलीय. आस्थापनेला सांगा. इथून आम्हाला ती बदलता येत नाही. मयताचं नाव काढायलाही त्यांचाच कागद लागतो."

ती दिनकररावांपुढं जाऊन उभी राहिली. बसा म्हणायची तिथं पद्धत नव्हती. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कपाळाला आठी घातली, च्चच्च केलं.

"मशीनचं काय सांगावं मॅडम. लिवून द्या, साहेबाची सही घेतो. पर साहेब गेलेत दौऱ्यावर."

"सर, तोवर माझी हजेरी बुडायलीय."

"तेच्यात आमी काय करणार? दार कसंबी उघडा, आमची ना न्हाई. कोणच्या शब्दानं उघडायचं ते तुमी बघा. तुमी शिकलेल्या."

ती अर्ज देऊन परत आली आणि खुर्चीवर बसली. तिला मशीनची रीत ठाऊक होती. तिकडे विचारणा माणिकरावांची होणार असेल, तर शब्दही माणिकरावांचाच लागणार. तिनं आपलं नाव टाकलं आणि पुढं ताडकळस टाकलं, 'एल'वर बोट जोरानं दाबून. औरंगाबाद होय म्हणालं. दार उघडलं. परभणीच्या हजेरीत तिचं नाव लागलं, यशोधरा मुंजाजी खिल्लारे, हजर. पलीकडून दिनकरराव बघत होते. त्यांनी अडवलं नाही, आणि खूणही दुरुस्त झाली नाही. तिनं दोनदा आठवण करून दिली. "साहेब दौऱ्यावर," उत्तर मिळालं. साहेब तेव्हा शेजारच्या खोलीत डुलकी काढत असत.

मग ती रोज तसंच करायला लागली. त्यात तिचा काय गुन्हा, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

संक्रांतीला नामांतर झालं. मोंढ्यात, वस्तीत निळे झेंडे लागले, मुंजाजीनं हमालांना पेढे वाटले. सोळा वर्षांनी त्यानं जळालेल्या घराची गोष्ट पोरीजवळ काढली, पहिल्यांदाच, आणि रडला. दुसऱ्या दिवशी यशोधरा ऑफिसात आली तेव्हा दिनकरराव सगळ्यांना तिळगूळ वाटत होते. तिच्या तळहातावर त्यांनी तो वरून टाकला.

"घ्या, गोड बोला. नाव तुमच्या मनासारखं झालं. आता आनखी काय पाह्यजे?"

आणि दुसऱ्या हातानं नोटीस दिली. मयत कर्मचाऱ्याच्या नावाचा व गुप्त शब्दाचा गैरवापर. चौकशी आठवड्यानं.

यशोधराला सगळ्यात आधी आठवल्या त्या कस्तुराबाई. माणिकराव सिव्हिलला होते तेव्हा ती रोज डबा घेऊन जायची, आणि ते गेल्यावर फंडाच्या कागदांसाठी तिनंच बाईंना ऑफिसा-ऑफिसातून हिंडवलं होतं. बाईही तिला चहा देत. चहाचा कप मात्र वेगळा, बाहेरच्या कोनाड्यात पालथा घातलेला. यशोधरा तो स्वतः विसळून पुन्हा पालथा घालायची. त्या कपाबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत.

"काकू, मला एकच वाक्य पाहिजे तुमच्याकडून," ती म्हणाली. "काकांनी त्यांचा शब्द मला स्वतः सांगितला होता, एवढं बोला. ऑफिसातले बोलणार नाहीत. तुमचं कुणी खोटं म्हणणार नाही."

"त्येंनी मला तर कधी असलं काही सांगितलं न्हाई गं."

"दवाखान्यात तुमच्यासमोर म्हणाले होते ना, पोरगी माझं दार उघडती म्हणून?"

कस्तुराबाईंना ते आठवलं. नाकाला नळी असताना माणिकराव तसं म्हणाले होते आणि हसले होते. बाईंचे डोळे भरले.

"व्हय. म्हणले होते. बोलीन की लेकरा, खऱ्याला कामून भ्यायचं?" मग पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "काय होता गं त्येंचा शब्द?"

"चौकशीत सांगते काकू. आता सांगितला तर म्हणतील, मीच तुम्हाला पढवलं."

"बरं बाई. काय आसंल ते आसंल. माणूस तसा रुक्षच. माझ्या माहेराचं नाव एकदा कधी गोडीनं घेतलं न्हाई. काय हाय तुमच्या ताडकळसात, म्हणायचे, बाजार आन धूळ."

यशोधराच्या ओठांवर शब्द आला होता. तिनं तो गिळला. कोनाड्यातला कप विसळून ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी ती हलक्या पायानं घरी गेली. "काकू बोलणार आहेत," तिनं बापाला सांगितलं.

चौकशीच्या आदल्या सकाळी दिनकरराव कस्तुराबाईंकडे गेले. मुलींसाठी तिळाच्या वड्या नेल्या. चहा चांगल्या कपातून प्याले.

"वहिनी, खरं बोलायचं तर बोला. मी कोण अडवणारा? पर जागा एकच हाय. पोरगी सुटली तर कायम हुईल. मग तुमची फाईल बसली धूळ खात. ह्या दोगींची लग्नं काय शिलाई मशीनवर करणार?"

कस्तुराबाईंनी मुलींना आत पाठवलं.

"आन आनखी एक. बाप्या माणूस आपला गुप्त शब्द परक्या पोरीला देतोय म्हणल्यावर लोक काय म्हणतील? माणिकरावाची मातीबी सुकली न्हाई. उद्या पोरींना बघायला आलेली माणसं ह्येच इचारतील. मला बोलायलाबी लाज वाटती वहिनी."

त्यांना लाज वगैरे काही वाटत नव्हती. पण बाईंना वाटली, आणि तेवढ्यानं काम झालं.

चौकशीला औरंगाबादहून तात्याराव आले. सभ्य माणूस, चष्मा पुसून पुसून बोलणारा. अख्खं ऑफिस भिंतीला लागून उभं. कस्तुराबाई खुर्चीवर, यशोधरा उभी.

"आमच्याकडच्या नोंदीप्रमाणे," तात्याराव म्हणाले, "दिवाळीनंतर तुम्ही एकदाही आलेल्या नाहीत. रोज आलेत ते माणिकराव."

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"सर, परभणीच्या हजेरीत रोज माझं नाव आहे."

"परभणीचं मशीन काय सांगणार? ते आम्हालाच विचारतं ना?"

"सर, माझ्या नावापुढची खूण बदललेली आहे. ती बदलायची मुभा मला नाही. फक्त आस्थापनेला आहे. मी अर्ज दिला होता."

"अर्ज?" तात्यारावांनी दिनकररावांकडं पाहिलं.

"आमच्याकडं आसा अर्ज आलाच न्हाई साहेब. आन खुणेचं म्हणाल तर, मी त्या बटणाला हातबी लावीत न्हाई. इचारा कुणालाबी. लावतो का रे मी हात?"

"न्हाई साहेब, कधीच न्हाई," सगळे एका सुरात म्हणाले. इतकं खरं ते ऑफिस त्याआधी कधी बोललं नव्हतं. ज्या सोवळ्यापायी बटणं पुसली जात होती, तेच सोवळं साक्षीला उभं राहिलं. रंगनाथ दारात फडकं पिळत होता. तो रोजावरचा माणूस, त्याला कोण विचारणार?

"बरं, मग माणिकरावांचा शब्द तुम्हाला कसा कळला?"

"त्यांनी स्वतः सांगितला, सर. इथंच, सगळ्यांसमोर. इथले सगळेच सांगतात. रोज सकाळी मीच सगळ्यांचे टाकते."

"कुणी ऐकलं?"

भिंतीला लागलेल्या माणसांनी आपापल्या चपला बघितल्या. ज्यांच्यासाठी ती रोज दार उघडायची, ती सगळी माणसं तिथं होती. एकालाही आपलं तोंड उघडता आलं नाही. मी शिवी देत नाही, पण त्या दिवशी त्या भिंतीला लागून एकही माणूस उभा नव्हता एवढं म्हणतो.

"दुसऱ्यांनी आपखुशीनं दिला, तो त्यांचा प्रश्न," तात्याराव म्हणाले. "मयतानं दिला याला पुरावा काय?"

"काकूंना विचारा," यशोधरा म्हणाली. तिच्या आवाजात अजून भरवसा होता.

"तो शब्द काय होता?" तात्यारावांनी विचारलं.

"ताडकळस."

कस्तुराबाईंनी झटकन वर पाहिलं. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती, आणि त्या सगळ्या वर्षांत नवऱ्यानं ज्या गावाला नावं ठेवली, ते गाव त्यानं रोज सकाळी सुजलेल्या बोटांनी, एकेक बटण शोधून लिहिलं होतं. बाईंना ते कळलं ते असं, परक्या कचेरीत, पंधरा माणसांपुढं. त्यांचा हात तोंडाशी गेला. यशोधरा त्यांच्याकडं बघत होती. आता बाई बोलतील, असं त्या खोलीत प्रत्येकाला वाटलं. दिनकररावांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी घसा खाकरला.

"कस्तुराबाई, तुमच्या यजमानांनी हा शब्द या मुलीला दिल्याचं तुम्हाला माहीत आहे का?"

"न्हाई," कस्तुराबाई म्हणाल्या.

"तसं कधी तुमच्यासमोर बोलले?"

"न्हाई. आमचा माणूस आसा न्हवता."

यशोधरानं बाईंकडं पाहिलं, पण रागानं नाही. एखादी गोष्ट आपल्याला आधीपासून ठाऊक होती आणि आपण उगीच विसरलो होतो, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. पालथा घातलेला कप तिला आठवला की काय, कोण जाणे.

हुकूम तिथल्या तिथं झाला. त्यात असं लिहिलं की तिला पुन्हा कुठल्या सरकारी दारात उभं राहता येऊ नये. ती आपली पिशवी घ्यायला खुर्चीपाशी गेली. दारातून बाहेर पडताना कस्तुराबाई वाटेत आल्या. दोघींमध्ये वाव थोडा होता, बाईंनी अंग चोरलं.

"काकू," यशोधरा म्हणाली, "एलचं बटण जोरात दाबावं लागतं. नाही तर लागत नाही."

बाईंना त्या वेळी काही समजलं नाही.

मुंजाजी पोतं वाहतच राहिला. गावाची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही.

कस्तुराबाईंची नेमणूक आठ-पंधरा दिवसांत झाली. दिनकररावांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. सगळ्या ऑफिसनं त्यांच्या माणुसकीचं कौतुक केलं. रंगनाथनं बटणं ओल्या फडक्यानं शेवटची पुसली, आता रोज पुसायची गरज नव्हती.

"मामी, तुमचं नाव टाका," तो म्हणाला. "शब्द जुनाच हाय."

"कोणचा जुना?"

"त्येच की. खिल्लारेच्या ओळीवर फकस्त नाव तेवढं तुमचं केलंय. म्होरची खूण तीच ठिवलीय. नवं नाव लावायचं तर औरंगाबादला कागद पाठवावा लागतोय."

"मंग पाठवा की."

"आत्ता?" दिनकरराव लांबून म्हणाले. "आत्ताच तिकडं चौकशी झालीय वहिनी. आता त्ये नाव छेडलं तर पुन्हा धा सवाल. चालू द्या हाय तसं. घरचाच शब्द हाय, चोरीचा थोडाच हाय?"

म्हणजे ज्या गोष्टीसाठी पोरीला हाकललं, तीच गोष्ट आता रीतसर झाली. कुणाला हसू आलं नाही.

कस्तुराबाई मॅट्रिकपुरतं इंग्रजी शिकलेल्या. एका बोटानं त्यांनी आपलं नाव टाकलं. मग माहेरचं नाव टाकायला घेतलं, एकेक अक्षर शोधत. पडद्यावर काहीच उमटत नव्हतं, पासवर्डाचा नियमच तो. तारेवरून विचारणा गेली. दारात माणिकराव उभे आहेत, आत घेऊ का?

शब्द चुकला.

मागं रांग लागली होती. कुणीतरी म्हणालं, "वो काकू, आमचं तर उघडा."

कस्तुराबाईंचं बोट बटणांवर तसंच राहिलं. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, ती पोरगी दारात काय सांगून गेली होती ते. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. 'एल'पाशी आल्यावर बोट टेकवलं आणि सगळा जीव एकवटून दाबलं. डोळ्यांतलं पाणी बटणांवर पडलं, तेवढं पुसायला रंगनाथ धावला नाही.

औरंगाबाद होय म्हणालं. कस्तुराबाई हजर लागल्या. आणि नोकरीत होत्या तोवर रोज सकाळी त्यांना तो शब्द असाच दाबून लिहावा लागला.